न बोलणारीचा रकाना

"बाळ बरं हाय ताई. दूध पितंय. रात्रीचं जरा किरकिर करतंय, पर बरं हाय."

एप्रिल २०२०मधली दुपार. साताऱ्यात आमच्या घराच्या जिन्यात मी मांडीवर वही घेऊन बसले होते, कारण घरात तेवढाच कोपरा शांत होता. फोनच्या पलीकडे खटाव तालुक्यातली एकोणीस दिवसांची बाळंतीण. ताप येतो का, टाके दुखतात का, जेवण किती वेळा होतं, असं मी एकेक विचारत होते आणि तिचं प्रत्येक उत्तर फिरून बाळापाशी जात होतं. शेवटी म्हटलं, "आणि तू गं? तू कशी आहेस?"

ती जराशी थांबली. म्हणाली, "मी हाय की."

वहीत तिच्या नावापुढे मी 'बरी आहे' असं लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. त्या दिवशीच्या यादीत अजून अकरा जणी होत्या.

नऊ दिवसांनी तिथल्या आशा कार्यकर्तीचा, म्हणजे आशाताईंचा, फोन आला. आदल्या रात्री बाळाला पाळण्यात ठेवून ती एकटीच घराबाहेर पडली होती. जाऊ मध्येच उठली, दार उघडं दिसलं, तिनं मागोमाग जाऊन हाताला धरून परत आणली. ती वाचली. बाळही सुखरूप राहिलं. पण त्या तीन शब्दांचा अर्थ मला तेव्हा लागला. 'कशी आहेस' असं मी विचारलं होतं आणि 'आहे' एवढंच तिनं सांगितलं होतं. कशी, ते तिनं सांगितलंच नव्हतं. ते मी माझ्या मनानं लिहून टाकलं होतं.

मी समुपदेशक आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गरोदर आणि बाळंत स्त्रियांशी बोलणं हे महामारीच्या काळात माझं काम होतं. त्या कामातलं जे मनातून जात नाही, ते इथे लिहिते आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

•

त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. आमच्याकडे भीती त्याच्या दोन दिवस आधीच आली होती. २३ मार्चला सांगली जिल्ह्यात इस्लामपूरमधल्या चौघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले आणि बघता बघता तिथला आकडा वीसच्या पुढे गेला. ते सगळे पुढे बरे होत गेले, पण तोवर वाळवा तालुक्याच्या गावागावात रस्त्यांवर काट्याकुट्यांचे, बैलगाड्यांचे अडथळे उभे राहिले होते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव; 'मिरजेला नेलंय' या दोन शब्दांत आजाराचं गांभीर्य सांगण्याची रीत आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथलं सरकारी रुग्णालयच कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. ज्यांचे दिवस भरत आले होते त्या बायका विचारू लागल्या, "मग आमी कुटं जायाचं?"

या प्रश्नाला दर आठवड्याला वेगळं उत्तर होतं. कुठे आधी कोरोनाचा अहवाल मागत, कुठे नातेवाइकाला दारातच थांबवत, कुठे ठरवलेला डॉक्टरच विलगीकरणात गेलेला असे. तासगाव भागातल्या एका सुनेचं सिझर ठरलं होतं आणि त्याच आठवड्यात घरची द्राक्षं व्यापाऱ्याविना वेलीवर राहिली होती. सगळं घर बेदाण्याच्या शेडवर राबत होतं. ती मला म्हणाली, "ताई, ह्या सालात मी खर्च काढला." बाळाच्या येण्याला ती 'खर्च' म्हणत होती आणि त्या खर्चाचा दोष स्वतःकडे घेत होती.

ऊसतोडीला आलेल्या बायकांची गोष्ट आणखी वेगळी. बीडकडच्या टोळ्या दरवर्षीप्रमाणे दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांच्या आसपास होत्या. गळीत हंगाम संपत आला आणि रस्ते बंद झाले. १७ एप्रिलला सरकारनं त्यांना परत जायची परवानगी दिली, पण तोवरचे तीन आठवडे पाचटाच्या कोपीत काढायचे होते. कराडजवळच्या फडावर एका आठ महिन्यांच्या गरोदर बाईला मी फोनवर विचारलं, झोप लागते का? ती म्हणाली, "डोळं मिटलं की गावचं दार दिसतंय." तिचं कार्ड गावाकडे होतं, तिची नर्सबाई गावाकडे होती, आई गावाकडे होती. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'; इथे ती त्या कोयत्याचा अर्धा भाग होती, तेवढीच तिची नोंद.

•

फोनवर समुपदेशन करायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच आठवड्यात कळलं की बाईशी बोलण्याआधी फोन कुणाचा आहे, ते विचारावं लागतं. बहुतेक फोन नवऱ्याचे होते. जूननंतर शाळा मोबाइलवर भरू लागल्या आणि घरातला एकुलता एक फोन दिरांच्या, पुतण्यांच्या हातात गेला. फोन मिळालाच तर स्पीकरवर असे, कारण "डागदरबाई काय सांगत्यात ते समद्यांनाच ऐकू दे." सासू शेजारी, सासरे ओसरीवर, नवरा दारात. अशा वेळी कोण काय बोलणार? मग आम्ही शिकलो. आधी विचारायचं, "आत्ता बोलायला जमेल का? नुसतं हो किंवा नाही म्हण." नाही म्हणाली की बाळाच्या लसीबद्दल दोन वाक्यं बोलून फोन ठेवायचा. मग ती सवडीनं मिस्ड कॉल देई. कुणी बाळुती धुवायला परसदारी गेल्यावर, कुणी रात्री बाळाला पाजताना. पाटण, जावळीच्या डोंगरात तर रेंज शोधत अमुक एका दगडावर जाऊन उभं राहावं लागे. ओली बाळंतीण तिथे कशी जाणार? तिथे आशाताई स्वतःचा फोन घेऊन जात, अंगणात लांब उभ्या राहत आणि उंबऱ्यावर फोन ठेवून म्हणत, "घे, बोल. मी हितं कपडं वाळत घालतीया असं समज."

दुसरी अडचण भाषेची. आमच्याकडे दहा प्रश्नांची एक चाचणी होती. एडिंबरा स्केल म्हणतात तिला. कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी ती १९८७मध्ये तयार केली आणि जगभरात बाळंतिणींसाठी ती वापरतात. गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं, असं ती विचारते. छापील मराठीतला 'नैराश्य' हा शब्द माझ्या एकाही बाईनं कधी उच्चारला नाही. त्या म्हणत, "जीव लागत न्हाई." "काळजात कालवतंय." "आतून रितं रितं वाटतंय." "डोकं जड झालंय." "रडू येतंय, पर कशाचं ते कळत न्हाई." एक म्हणाली होती, "बाळाकडं बगितलं की माया येत न्हाई, भ्या वाटतंय," आणि लगेच, "कुणाला सांगू नगा." मी या वाक्यांची वेगळी यादी केली. चाचणीचे दहा प्रश्न विचारण्याआधी मी ही वाक्यं ऐकायला शिकले.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं हे अनेकींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. ते ओसरत नाही, उलट झोप, भूक आणि बाळाची ओढ सगळंच आटत जातं, तेव्हा तो आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गरोदरपणी सुमारे १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला तोंड द्यावं लागतं. म्हणजे पाचांतली एक. हा आकडा महामारीच्या आधीचा आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मारहाण आणि मुलगी होणं ही त्यामागची कारणं होती. माझ्या वहीतही तीच कारणं, त्याच क्रमानं नाही तरी, पानापानावर होती. कोरोनानं ती तयार केली नव्हती.

मग कोरोनानं केलं काय? हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता.

•

उत्तर मला एका लाडवांच्या डब्यानं दिलं.

कराड तालुका सातारा जिल्ह्यात, वाळवा तालुका सांगली जिल्ह्यात. दोन्ही एकमेकांना लागून. मुली इकडून तिकडे देतात, बाजार एक, देव एक. मध्ये जिल्ह्याची हद्द आहे हे लग्नपत्रिका छापतानाच काय ते आठवायचं. टाळेबंदीत त्या हद्दीवर पोलीस उभे राहिले. वाळव्याकडची एक मुलगी पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला न्यायचं ठरलं होतं. ना ओटीभरण झालं, ना माहेरी जाणं. ती सासरी बाळंत झाली. आई वीस-पंचवीस किलोमीटरवर आणि मध्ये नाका. आईनं डिंकाचे लाडू केले, डबा फडक्यात बांधला आणि दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती दिला. दूध जायला परवानगी होती. असा तो डबा हद्द ओलांडून आला.

मुलगी मला सांगत होती, "ताई, डबा उगाडला आन्‌ मी रडाय लागली. आत्या म्हणाल्या, अगं लाडू हायेत की, खा. त्येस्नी काय सांगू, मला लाडू नगं हुतं."

तिला लाडू वळणारी हवी होती. त्या फोननंतर मी आमच्या जुन्या रीतीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. सव्वा महिना बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही, कानाला फडकं, खोलीत शेगडी, ओवा-वेखंडाची धुरी. शिकलेल्या आम्ही मुली या सगळ्याला कोंडून ठेवणं म्हणत आलो आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या कोंडलेल्या खोलीत माणसं किती येत, हे आम्ही मोजलंच नव्हतं. सकाळी तेल लावायला, न्हाऊ घालायला येणारी मावशी. ती अंग चोळता चोळता गावभरचं सांगे आणि पोटातलं काढूनही घेई. पाचवीला जमलेल्या बायका. बाळाला बघायला आलेली, आल्या आल्या आधी बाळंतिणीच्या पाठीवरून हात फिरवणारी आजी. "माझ्या वेळी मी बी अशीच रडायची," असं सहज सांगून जाणारी चुलती. बाळंतीण जगापासून लांब असे, पण ती एकटी नसे.

या बायकांपैकी कुणीही 'मी हिच्या मनाची काळजी घेते आहे' असं म्हटलं नसतं. तेल अंगासाठी होतं, लाडू कंबरेसाठी, पाचवी सटवाईसाठी, बारसं बाळासाठी. मनासाठी म्हणून काहीच नव्हतं. पण या सगळ्या निमित्तानं माणसं येत आणि त्या येण्याजाण्यात मन आपोआप सांभाळलं जाई. महामारीनं ही माणसं दाराबाहेर थांबवली. खोली राहिली, शेगडी राहिली, फडकं राहिलं, सोबत गेली. आणि मग दिसलं की मनाची म्हणून वेगळी काळजी आपल्याकडे नव्हतीच. घरात नव्हती आणि दवाखान्यातही नव्हती.

सोबत सगळ्यांनाच सुखाची होती असं मी म्हणत नाही. सोबतीच्या नावाखाली टोमणे ऐकणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मुलगी झाली म्हणून पाचवीला कुणी फिरकलं नाही, अशाही आहेत. टाळेबंदीत काही नवरे पहिल्यांदाच सलग घरी राहिले. विट्याकडचा एक गलाईवाला, केरळात सोनं गाळायचा धंदा असलेला, बायकोच्या आठव्या महिन्यात कसाबसा गावी पोचला आणि तीन महिने अडकून पडला. पहिल्या मुलाच्या वेळी तो बारशालाही नव्हता. या खेपेला आजी आजारी म्हणून त्यानंच बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालायला सुरुवात केली. त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या घरात नवऱ्याचा पगार थांबला आणि हात उठू लागला. घर तेच, दार तेच. आत कोण आहे यावर सगळं ठरत होतं.

•

मे महिन्यात मुंबईची माणसं गावी येऊ लागली. पाटण, जावळी, खटाव, माण भागातली कितीतरी घरं मुंबईवर चालतात. कुणी माथाडी, कुणी हमाल, कुणी टॅक्सीवर. गाव त्यांच्या मनीऑर्डरीवर जगलं, त्यांच्या वर्गणीनं देवळं बांधली गेली. पण त्या मे महिन्यात 'मुंबईकर' हा शब्द गावात दबक्या आवाजात बोलला जाऊ लागला. आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवत.

पाटण खोऱ्यातल्या अशाच एका शाळेत सात महिन्यांची एक गरोदर बाई होती. दुसरीच्या वर्गात, भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते आणि खाली सतरंजी. ज्या शाळेत ती शिकली होती तीच ही शाळा. खिडकीतून तिला तिचं घर दिसायचं. सासू डबा घेऊन यायची, फाटकाबाहेर ठेवायची आणि मागे सरकायची. तिला लागलं होतं ते त्या मागे सरकण्यानं. "भ्यायला पायजे, मला कळतंय," ती म्हणाली, "पर त्यांनी डबा ठेवला आन्‌ चार पावलं मागं गेल्या, तवा माझ्या पोटात बाळ हाललं. मला वाटलं त्येलाबी कळलं."

तिच्याशी मी चौदा दिवस रोज बोलले. उपाय म्हणून माझ्यापाशी मोठं काही नव्हतं. एक केलं. तिथल्या आशाताईंशी बोलून सासूला विनंती केली की डबा ठेवून मागे जा, पण मग तिथेच दहा मिनिटं बसा. बोला. लांबून बोला, पण बसा. सासूबाई दुसऱ्या दिवसापासून फाटकापलीकडच्या चिंचेखाली बसू लागल्या. त्यांनाही बसायचंच होतं. बसलं तर चालतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

•

या सगळ्या कामाचा कणा आशाताई होत्या. घरी बाळंतीण आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी भेट द्यायची असते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामातून घरोघर नवजात बाळाची काळजी घेण्याची ही वाट सापडली आणि पुढे देशभर गेली. आमच्या सव्वा महिन्याशी हे दिवस किती जुळतात, पाहा. महामारीत न्हाऊ घालणारी मावशी थांबली, चुलत्या-मावश्या थांबल्या, पण आशाताई थांबल्या नाहीत. कोरोनाचा सर्व्हे, बाहेरून आलेल्यांच्या याद्या, सप्टेंबर २०२०पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'साठी हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर. आणि या सगळ्यातून वेळ काढून बाळंतिणीचा उंबरा.

त्यांच्या भेटीच्या फॉर्ममध्ये बाळाचं वजन, तापमान, नाळ, दूध यांचे रकाने असतात. आईसाठीही असतात: ताप, अंगावरून जाणं, स्तनांना चिरा. आणि एक प्रश्न असतो की आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का. हा प्रश्न फार मोलाचा आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या काही दिवसांतच तीव्र मनोविकार होतो. बाई झोपत नाही, नाही नाही ते बोलते, नसलेले आवाज ऐकते. जत भागात अशी एक बाई आशाताईंनी सातव्या दिवशी ओळखली. घरात 'बाहेरचं झालंय' म्हणून उताऱ्याची तयारी चालली होती. आशाताई भांडल्या नाहीत. "उतारा करा, पर गाडी बी बोलवूया," असं म्हणून त्यांनी १०२ला फोन लावला. ती बाई औषधांनी महिन्याभरात पुष्कळ सावरली.

पण हाच प्रश्न मला टोचत राहिला. असंबद्ध बोलणाऱ्या बाईसाठी रकाना आहे. तिच्याकडे सगळ्या घराचं लक्ष जातं. जी बोलतच नाही तिच्यासाठी रकाना कुठे आहे? जी वेळेवर बाळाला पाजते, भांडी घासते, 'बरं हाय' म्हणते आणि रात्री एकटी उठून बाहेर जाते, तिच्यासाठी?

खटावच्या त्या आशाताईंनी यावर स्वतःच तोड काढली. त्या रात्रीनंतर त्यांनी आपल्या डायरीत प्रत्येक बाळंतिणीच्या भेटीपुढे समासात एक शब्द लिहायला सुरुवात केली. 'बोलली' किंवा 'बोलली नाही'. बोलली म्हणजे बाळाबद्दल नाही. स्वतःबद्दल एक वाक्य तरी बोलली. दोन भेटींत 'बोलली नाही' असं आलं की त्या मला फोन करायच्या. मी ही युक्ती बाकीच्या आशाताईंना सांगितली. त्यासाठी ना प्रशिक्षण लागलं, ना छपाई. निळ्या पेनानं समासात दोन शब्द.

•

दुसरी लाट आली तेव्हा समास पुरेनासा झाला. एप्रिल-मे २०२१. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं कोविड झालेल्या गरोदर आणि बाळंत स्त्रियांची नोंद ठेवली होती. तिच्या अभ्यासात पहिल्या लाटेत १४.२ टक्के जणींना लक्षणं होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के, मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेलं. आकडे आम्हाला नंतर कळले. त्याआधी आम्हाला गावांची नावं कळत होती. लस मात्र गरोदर बायकांसाठी २ जुलै २०२१ला खुली झाली, म्हणजे ती लाट ओसरल्यावर.

त्या मे महिन्यातली एक बाई माझ्या मनातून जात नाही. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी ती पॉझिटिव्ह आली. मुलगा झाला. आईनं मास्क लावून, हात धुवून बाळाला पाजावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तोवर वर्षभर जुना झाला होता. पण ती जिथे होती तिथे बाळ तिच्यापासून बारा दिवस वेगळं ठेवलं गेलं. दूध दाटून छाती दगडासारखी झालेली. आठव्या दिवशी त्याच साथीत तिची आई गेली, आणि 'ओल्या बाळंतिणीला सांगायचं नाही' म्हणून घरानं तिच्यापासून ते लपवलं. ती रोज विचारायची, आई फोन का करत नाही? सगळे म्हणायचे, रेंज नाही.

मलाही ते माहीत होतं. तीन दिवस मी तिच्याशी बोलत होते आणि तिच्या आईबद्दल गप्प होते. घरच्यांचा निर्णय डावलायचा मला अधिकार नव्हता. पण तिच्याशी खोटं बोलायचाही नव्हता. शेवटी तिच्या मोठ्या भावाला म्हटलं, "दादा, तिला कळलेलं आहे. रडायची परवानगी तेवढी मिळालेली नाही." बाळ तिच्या कुशीत आल्याच्या दिवशी भावानं सांगितलं. त्यानं नंतर मला सांगितलं, ती ओरडली नाही; बाळाला घट्ट धरून एवढंच म्हणाली, "मला वाटलंच हुतं."

तिला औषधोपचार लागले. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांशी तिची गाठ घालून दिली. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधं असतात, हे तिच्या घरच्यांना पटवण्यात दोन आठवडे गेले. सहा महिन्यांनी ती स्वतःहून आईबद्दल बोलू लागली.

त्याच वर्षी जून महिन्यात राज्यभरातल्या आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या. कोविडच्या जादा कामाचे महिन्याला एक हजार रुपये मिळत होते. त्यांच्यातल्या काही जणी स्वतः लेकुरवाळ्या होत्या. दिवसभर कोरोनाच्या घरांतून फिरून घरी गेल्यावर आपल्या मुलाला जवळ घ्यावं की नाही, हा प्रश्न त्यांनी सव्वा वर्ष रोज सोसला. एक आशाताई मला म्हणाली, "ताई, आमी समद्यांच्या डायरीत लिवतो. आमच्यापुढं कोण लिवणार?" त्या दिवशी आम्ही दोघी बराच वेळ बोललो. फोन ठेवल्यावर मी माझ्या वहीत तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'बोलली'.

जुलैच्या २२ तारखेच्या रात्री पाटण तालुक्यात डोंगर खचले. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. खाली सांगलीत २०१९च्या महापुराच्या खुणा पुसल्या नव्हत्या, तोच कृष्णा पुन्हा घरात शिरली. निवारा केंद्रांत लहानग्यांना घेऊन बसलेल्या बायकांना आता कोरोनाची भीती वाटत नव्हती. भीतीलाही जागा लागते. ती भरून गेली होती.

•

आज त्या काळाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्या दोन वर्षांत जन्मलेली मुलं आता शाळेत जातात. मानसिक मदतीसाठी १४४१६ हा टेलिमानसचा फोन ऑक्टोबर २०२२पासून देशभर चालू आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. साताऱ्यात 'परिवर्तन'सारख्या संस्था मनाच्या आरोग्याचं काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. वाटा आहेत. पण बाळंतीण स्वतः उठून त्या वाटेनं जाईल, ही अपेक्षा चुकीची आहे. वाट तिच्या उंबऱ्यापर्यंत न्यावी लागते.

ते जमतं, याचा पुरावाही आहे. रावळपिंडीच्या परिसरात डॉ. अतिफ रहमान यांनी तिथल्या साध्या आरोग्यसेविकांना नैराश्यातल्या मातांशी कसं बोलायचं ते शिकवलं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या मातांपैकी २३ टक्के जणींचं नैराश्य उरलं होतं. नेहमीच्या भेटी मिळालेल्या मातांमध्ये ते ५३ टक्के होतं. पुढे गोव्यात हेच काम गावातल्याच बायकांनी 'सखी' होऊन केलं. या सख्या डॉक्टर नव्हत्या, परक्याही नव्हत्या. त्यांची जागा आपल्या न्हाऊ घालणाऱ्या मावशीच्या आणि आशाताईच्या मधली आहे.

म्हणून माझं मागणं लहान आहे. गरोदर बाईच्या कार्डावर, बाळंतिणीच्या भेटीच्या फॉर्मवर न बोलणारीसाठी एक रकाना असावा. तो भरणाऱ्या आशाताईला त्यासाठी वेळ आणि मोबदला मिळावा. आणि रकान्यात दोनदा 'बोलली नाही' असं आलं तर पुढे कुणाला कळवायचं, ते ठरलेलं असावं. जुन्या रीतीत सोबत निमित्तानं मिळत होती. आता घरं लहान झालीत, माणसं पांगलीत, निमित्तं कमी झालीत. जे निमित्तानं होत होतं, ते आता ठरवून करावं लागेल.

गेल्या वर्षी खटावला गेले होते. आशाताईंनी जुन्या डायऱ्या गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवल्या होत्या. त्यांनी त्या हौसेनं काढून दाखवल्या. २०२०ची डायरी उघडली. एप्रिलच्या पानावर त्या मुलीचं नाव होतं, जिच्यापुढे मी 'बरी आहे' असं लिहिलं होतं. तिच्या नावापुढे समास कोरा होता. तेव्हा ही पद्धत सुरू व्हायची होती. खाली मे महिन्याच्या नोंदी. 'बोलली नाही'. 'बोलली नाही'. मग मिरजेच्या डॉक्टरांची तारीख. मग पुन्हा 'बोलली नाही'. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाई बदललेली आणि अक्षर जरा मोठं. आशाताईंनी तिथे एक शब्द लिहायचा सोडून पुरी ओळ लिहिली होती:

'आज म्हणाली, लाडू संपले, अजून करून आणा.'